नंदुरबारचं 'बार'

धुळ्याच्या स्थानकात गाडी लागली की पाटीवर 'नंदुरबार' असं लिहिलेलं असतं. कंडक्टर मात्र दारात उभा राहून हाळी देतो ती 'नंदरबार, नंदरबार' अशी. गाडीत शेजारी बसलेल्या आजीला विचारलं, "आजी, कुठं उतरणार?" तर अहिराणीत उत्तर येतं, "नंदरबारले." सुरतेकडून आलेला व्यापारी गुजरातीत बोलतो, त्याच्याही तोंडी 'नंदरबार'च. 'दु'चा तो उकार पाटीवर आहे, सरकारी कागदावर आहे, शाळेच्या भूगोलात आहे. बोलण्यात मात्र तो क्वचितच ऐकू येतो. या गावाच्या नावाचा नाद मला लागला तो या एवढ्याशा उकारापासून.

गावात कुणालाही नावाचा अर्थ विचारा, उत्तर तयार असतं. हे नंद राजाचं गाव, नंद गवळ्याचं. त्याची ही राजधानी. इथं त्याचा दरबार भरायचा म्हणून 'नंद-दरबार', आणि दोन 'द' जवळ आल्यावर जीभ एक गिळते म्हणून 'नंदरबार'. वर्तमानपत्रांतून 'नंदनगरी' हे नाव तर आता रुळूनच गेलं आहे. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्याचं विभाजन होऊन नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला आणि शहर जिल्ह्याचं मुख्य ठाणं बनलं, तेव्हा नंद राजाची राजधानी पुन्हा राजधानी झाली असा आनंद अनेकांना झाला. त्या आनंदाचा मान राखूनच मला ही व्युत्पत्ती तपासायची आहे.

पहिली अडचण 'दरबार' या शब्दातच आहे. हा शब्द फारसी. दख्खनेत फारसी राजभाषेचा वावर सुरू झाला तो अलाउद्दीन खिलजीच्या स्वारीनंतर, म्हणजे 1296 नंतर. नंद गवळ्याची कथा त्याच्या किती तरी आधीचा काळ सांगते. आणि 1342 च्या सुमारास मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादहून खंबायतकडे जाताना या गावी आला, तेव्हा गावाचं नाव पुरतं घडलेलं होतं. त्यानं ते आपल्या प्रवासवर्णनात नोंदलं आहे. इथं मराठे राहतात, ते कलाकुसरीत तरबेज आहेत, वैद्यक आणि ज्योतिष जाणतात, भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात, जिवाला इजा करणं त्यांना आवडत नाही, जेवणाआधी स्वच्छ आंघोळ करतात, असं तो सांगतो. मराठी माणसाचं परक्यानं केलेलं इतकं जुनं आणि इतकं आपुलकीचं वर्णन फार थोड्या गावांच्या वाट्याला आलं आहे. ते नंदुरबारच्या वाट्याला आलं याचा नंदुरबारकरांनी अभिमान बाळगावा. आपल्या प्रश्नापुरतं महत्त्वाचं एवढंच की खिलजीची स्वारी आणि इब्न बतूता यांच्यात अर्धशतकही गेलेलं नाही. एवढ्या काळात एका पुराणपुरुषाच्या नावाला परका दरबारी शब्द चिकटावा आणि गावाचं मूळ नाव मागमूस न ठेवता पुसलं जावं, हे मनाला पटत नाही.

असं घडतं ते बहुधा उलट्या बाजूनं. नाव आधी असतं, त्याचा अर्थ झिजून गेलेला असतो, आणि मग ऐकणारा त्यात आपल्या ओळखीचा शब्द शोधतो. मुंबईचंच बघा. 'बॉम्बे' हे पोर्तुगीज 'बॉम बाइया' म्हणजे 'चांगला उपसागर' यावरून आलं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. पण पोर्तुगीजमध्ये 'बाइया' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्याच्याआधी पुल्लिंगी 'बॉम' लागतच नाही, 'बोआ' लागतो. पोर्तुगीज माणूस स्वतःच्या भाषेत अशी चूक कशी करील? त्यानं मुंबादेवीचं नाव ऐकलं आणि आपल्या कानाला जमेल तसं लिहिलं. अर्थ मागाहून बसवला गेला. 1995 मध्ये 'मुंबई' हे नाव अधिकृत झालं तेव्हा कोळ्यांच्या तोंडातलं नाव कागदावर आलं, एवढंच. 'नंद-दरबार' ही नंदुरबारची 'बॉम बाइया' आहे, असं माझं मत आहे.

नावाचं लेखन कसकसं बदलत गेलं तेही पाहण्यासारखं आहे. अरबी-फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे 'न-द-र-बा-र' असं लिहिलं की वाचणारा 'नदरबार' वाचो की 'नदुरबार', दोन्ही चालतं. शिवाय त्या लिपीत 'दाल' या अक्षरावर एक ठिपका दिला की त्याचं 'ज़ाल' होतं आणि उच्चार 'ज़' होतो. त्या एका ठिपक्यानं गावाचं नाव 'नज़रबार' झालं. अकबराच्या काळच्या आईन-ए-अकबरीत माळवा सुभ्याच्या सरकारांमध्ये हे 'नज़रबार' भेटतं. हो, माळव्याच्या! तेव्हा नंदुरबार खानदेश सुभ्यात नव्हतं. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे गेला त्यानं वाटेवरची गावं क्रमानं लिहिली आहेत. त्यांत नवापूर आहे, तिथल्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो असं तो आवर्जून सांगतो, आणि नवापूरपुढचं गाव आहे 'नासरबार'. फारसी मुनशीच्या लेखणीतला तो ठिपका फ्रेंच वहीपर्यंत पोचला! त्याच वाटेनं 1610 मध्ये आलेल्या विल्यम फिंच या इंग्रजानं मात्र बहुधा कानांवर भरवसा ठेवला. त्याच्याकडे 'नोंदरबार' आहे, अनुस्वारासकट. गावाबाहेरच्या कबरी, किल्ला आणि सुरेख तळं यांचीही नोंद त्यानं केली. सतराव्या शतकात इंग्रजांची वखारही इथं होती, इतका या पेठेचा दबदबा होता. कंपनी सरकारच्या काळात 'नंदूरबार' असं दीर्घ ऊकाराचं रूप नकाशांवर आलं. म्हणजे तो उकार कारकुनांच्या कल्पनेतला नव्हे. जलद बोलताना तो गळतो, सावकाश उच्चारताना परत येतो.

या सगळ्या रूपांमध्ये एक गोष्ट कधी बदलली नाही: शेवटचं 'बार'. मोरोक्कोचा प्रवासी, आग्ऱ्याचा मुनशी, लंडनचा व्यापारी, पॅरिसचा जवाहिऱ्या, सगळ्यांनी नावाचा पुढचा भाग आपापल्या परीनं वाकवला, पण 'बार' तसंच ठेवलं. म्हणून उकल करायची तर तिथूनच करायला हवी.

त्याआधी 'नंदनगरी'ला न्याय देऊ. 1880 च्या खानदेश गॅझेटिअरनं कान्हेरीच्या एका शिलालेखातल्या 'नंदिगर' या नावाशी नंदुरबारची सांगड घातली होती. तेव्हापासून ती अनेक पुस्तकांत उतरत आली आहे. पण खानदेशात 'नगर' या शब्दाचं पुढे काय होतं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. 'नगर'मधला 'ग' झिजतो आणि 'नेर' उरतो: अंमळनेर, जामनेर, पिंपळनेर, आणि थोडं दक्षिणेला संगमनेर, पारनेर. या नियमानं 'नंदनगर'चं 'नांदनेर' झालं असतं. 'नगर'मधून 'बार' निघण्याची वाट भाषेच्या चालीत सापडत नाही. 'नंदनगरी' हे छान नाव आहे, कवितेला शोभेल असं आहे, पण ते संस्कृतात नंतर घडवलेलं आहे. तुलनेसाठी नांदेड घ्या. तिथं वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम ताम्रपटात 'नांदीकट' हे नाव कोरलेलं आहे, आणि 'कट'चं 'कड', 'अड', 'एड' होत नांदेडपर्यंत येणं ही नेहमीची वाटचाल आहे. पुरावा असा हवा. नुसतं 'नंद' ऐकू आलं एवढ्यावर नातं जुळत नाही.

मग नंद राजा गेला कुठं? तो कुठंच गेला नाही. त्याची जागा वेगळी आहे. खानदेश हा आभीरांचा, अहिरांचा मुलूख. नाशिकच्या पांडवलेण्यांत ईश्वरसेन या आभीर राजाच्या काळचा लेख आहे, तो तिसऱ्या शतकातला. अहिराणी बोलीचं नावच अहिरांवरून आलं. असीरगडाची कथाही आसा नावाच्या अहिराची आहे. देवगिरीच्या यादवांना लोक 'गवळी राजे' म्हणत, आणि आजही डोंगरात जुनं पडकं बांधकाम दिसलं की गुराखी सांगतो, "हे गवळी राजाच्या वेळचं." गुरं राखणाऱ्या लोकांनी एके काळी इथं राज्य केलं ही आठवण खरी आहे. त्या आठवणीला कृष्णकथेतल्या नंदाचं नाव मिळालं, आणि गावाच्या नावात 'नंद' हा आवाज होताच, तेव्हा दोन्ही एकमेकांत मिसळून गेले. खानदेशालाही असंच 'कान्हदेश' म्हणतात. कान्ह्याच्या देशात नंदाचं गाव! इतकी सुंदर जोडी लोकांनी सोडली असती तरच नवल. इतिहासात खानदेशचं नाव गुजरातच्या सुलतानानं फारुकी घराण्याला दिलेल्या 'खान' या किताबाशी जोडलं जातं, आणि आईन-ए-अकबरीतही तेच कारण दिलं आहे. 1601 मध्ये असीरगड पडल्यावर अकबरानं आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून या सुभ्याला 'दानदेश' असं नाव दिलं. बादशहाचा हुकूम होता, कागद होते. तरीही 'दानदेश' टिकलं नाही. कोणत्या नावाला आपलं म्हणायचं ते बाजारात, पाणवठ्यावर आणि बैलगाडीच्या वाटेवर ठरतं.

आता 'नंदुर'. महाराष्ट्राचा नकाशा उघडा आणि मोजायला लागा: निफाडजवळ नांदूर मध्यमेश्वर, सिन्नरजवळ नांदूर शिंगोटे, बीड जिल्ह्यात नांदूरघाट, बुलढाण्यात नांदुरा, सप्तशृंगी गडाच्या पायथ्याशी नांदुरी. या प्रत्येक गावात नंद राजा होऊन गेला असं कुणी म्हणत नाही. यांच्यामागे आहे ते नांद्रुकीचं झाड, काही भागांत नांदुरकी, संस्कृतात नंदीवृक्ष. वड-पिंपळाच्या कुळातलं, गर्द सावलीचं, बारीक चकचकीत पानांचं. पारावर लावायचं झाड ते. झाडावरून गाव ही तर आपली सर्वांत जुनी रीत. वडगाव, पिंपळगाव, उंबरगाव यांच्याच रांगेत नांदूर बसतं. नंदुरबार जिल्ह्यातच पाहा: चिंचपाडा आहे, आणि सातपुड्यावरच्या तोरणमाळचं नाव तोरणाच्या झुडपांवरून पडलं असं सांगतात. 'नांदूर'चं 'नंदुर' कसं झालं असं कुणी विचारील. जोडशब्दात पहिला दीर्घ स्वर आखडतो. आंबा, पण अमराई. सात, पण सतरा. आठ, पण अठरा. तसं नांदूर, पण नंदुरबार.

आणि आता 'बार'. याची किल्ली आपल्या पाढ्यांत आहे. संस्कृत 'द्वादश'चं मराठीत काय झालं? 'बारा'. 'द्वाविंशति'चं 'बावीस', 'द्वात्रिंशत्'चं 'बत्तीस'. म्हणजे 'द्व'चा 'ब' होतो. पण 'द्वार'चं आपण 'दार' केलं. इथं 'द' टिकला आणि 'व' गेला. गुजरातीनं दुसरी वाट धरली. तिथं 'द्वार'चं 'बार' झालं. दाराला गुजराती माणूस 'बारणुं' म्हणतो आणि खिडकीला 'बारी'. आता खानदेशच्या पश्चिमेच्या डोंगरांत या. साक्रीकडून विसरवाडीकडे उतरणारा घाट कोणता? कोंडाईबारी. बागलाणातल्या खिंडी कोणत्या? सेलबारी, डोलबारी. डोंगरातून जाणारी अरुंद वाट ती 'बारी', म्हणजे छोटं दार. इथल्या माणसानं हा शब्द कोशातून घेतला नाही, तो रोज त्या दारातून ये-जा करतो. आणि सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर सोडून नंदुरबारकडे निघालं की वाटेत जी स्थानकं लागतात त्यांतल्या एकाचं नाव आहे खांडबारा. एकाच मार्गावर खांडबारा आणि नंदुरबार ही दोन नावं भेटतात, याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

म्हणून माझा कौल असा: नंदुरबार म्हणजे 'नांदूरचं दार'. ताम्रपटाइतका भक्कम पुरावा या अर्थापाशी नाही, हे अनुमानच आहे. पण शब्दाची चाल, शेजारची गावं आणि भूगोल हे तिन्ही साक्षीदार एकच गोष्ट सांगतात.

भूगोलाची साक्ष सर्वांत बोलकी आहे. सुरतेहून आग्ऱ्याकडे जाणारा माल बारडोली, वालोडवरून नवापूरच्या जंगलात शिरायचा. तिथं डोंगर, ओढे, दाट सागवान. बैलांचे तांडे त्या पट्ट्यातून निघत आणि एकदम समोर मोकळं, काळ्या मातीचं तापीखोरं उघडायचं. त्या उघडणाऱ्या जागी नंदुरबार आहे. पश्चिमेकडून येणाऱ्याला खानदेशचं पहिलं दार, पूर्वेकडून येणाऱ्याला समुद्राकडच्या वाटेचं शेवटचं मोठं गाव. आजही रेल्वेनं सुरतेहून आलात तर खिडकीतून हे पाहता येतं. खांडबाऱ्यापर्यंत टेकड्या अंगावर येत राहतात, मग त्या मागे सरतात, आकाश मोठं होतं, आणि हिवाळ्याचे दिवस असतील तर गावाच्या जवळ जमीनच लाल दिसू लागते. त्या मिरचीच्या पथाऱ्या. मैलभर वाळत घातलेली मिरची, मधून वाट काढणाऱ्या, तोंडाला पदर बांधलेल्या बाया, आणि डब्यात बसलेल्या माणसालाही येणारी शिंक. दार म्हटलं की पेठ आलीच. तांड्यांच्या काळी होती, आज मिरचीच्या गोण्यांची आहे.

दारात एकाच भाषेची माणसं कशी उभी राहतील? या जिल्ह्यात सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आहेत. भिल्ली, मावची, पावरी या बोली, त्यांच्या जोडीला अहिराणी, गुजर समाजाची बोली, गुजराती, मराठी. 9 सप्टेंबर 1942 रोजी याच गावात तिरंगा हाती घेऊन गोळ्या झेलणारा शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा गुजरातीभाषी घरातला होता. त्याच्याबरोबर हुतात्मा झालेल्या मुलांत शशिधर केतकर होता, धनसुखलाल वाणी होता, लालदास आणि घनश्यामदास शहा होते. आडनावं वाचली तरी गाव कळतं. म्हणूनच 'नंदुर' मराठी कानाला ओळखीचं आणि 'बार' गुजराती कानाला ओळखीचं, अशा दोन भाषांच्या जोडातून गावाचं नाव बनलं असेल तर त्यात मला काहीच वावगं वाटत नाही. जिल्ह्यातलं दुसरं तालुक्याचं गाव अक्कलकुवा. त्यातला 'कुवा' म्हणजे विहीर, आणि तो शब्दही मराठीत 'विहीर' म्हणणाऱ्याच्या घरचा नव्हे. सीमेवरच्या गावांची नावं अशीच असतात.

'नंद राजाची राजधानी' हे वाक्य मिरवणुकीत, भाषणात, मुलांच्या गोष्टीत राहू द्यावं. ते अहिरांच्या राज्याची आठवण जपतं आणि ते काम मोठं आहे. पण शाळेच्या पुस्तकात, नगरपालिकेच्या फलकावर 'नंद-दरबारावरून नंदुरबार' असं ठाम वाक्य लिहिताना हात थांबायला हवा. त्या ठामपणामुळे नांद्रुकीचं झाड आणि डोंगरातली बारी दोन्ही विसरली जातात.

एक विनंती करायची आहे, विशेषतः नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव या सहाही तालुक्यांतल्या शिक्षकांना आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना. सातबारा उताऱ्यावर शेतांना आता फक्त गट नंबर उरले आहेत. पण घरातली म्हातारी माणसं शेताला, ओढ्याला, खिंडीला, पाणवठ्याला अजून नावानं हाक मारतात. आपल्या शिवारात ज्या नावांच्या शेवटी 'बार', 'बारा' किंवा 'बारी' येतं ती सगळी टिपून घ्या. नाव भिल्लीत कसं म्हणतात, अहिराणीत कसं म्हणतात, दोन्ही उच्चार जसेच्या तसे लिहा, आणि त्या जागी उभं राहिल्यावर समोर काय दिसतं तेही लिहा: खिंड, नदीचा उतार की मोकळं रान. शंभर नावं गोळा झाली तर नंदुरबारच्या 'बार'चा निकाल लागेल. मी चुकलो असेन तर तेही त्याच यादीतून कळेल. ही नावं सांगणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे, तेव्हा येत्या सुटीतच वही घेऊन निघा.